बोलर दिला आणि मला घेतलं

इंग्लंडमध्ये कोणी आपल्याला धक्का दिला तर आपणच सॉरी म्हणायचं असतं, हे मला नागपूरहून येऊन आठवडा व्हायच्या आत कळलं होतं. धक्का देणारा सॉरी म्हणतो, खाणाराही म्हणतो आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. काकांना हे तीस वर्षांत कळलं नव्हतं, किंवा कळूनही त्यांनी ते मानलं नव्हतं. एकदा रीडिंगच्या सुपरमार्केटमध्ये एका गोऱ्या आजीबाईंची ट्रॉली त्यांच्या पोटरीला लागली. आजीबाई सवयीने "सॉरी, लव्ह" म्हणाल्या. काका थांबले, वळले आणि कोर्टात निकाल द्यावा तसं म्हणाले, "अ‍ॅक्सेप्टेड." आजीबाई गोंधळल्या आणि पुन्हा सॉरी म्हणाल्या. काका म्हणाले, "वन इज इनफ."

मी शेजारी दुधाचा मोठा कॅन धरून उभा होतो आणि दोघांच्या वतीने मनातल्या मनात सॉरी म्हणत होतो.

स्वतः काकांच्या तोंडून तो शब्द मी कधीच ऐकला नाही. माझा आवडता कप त्यांच्या हातून फुटला, तेव्हा संध्याकाळी माझ्या टेबलावर दोन नवे कप होते. त्याबद्दल अवाक्षर नाही. पार्किंगमध्ये त्यांनी शेजाऱ्याच्या गाडीचा आरसा मोडला, तर त्याच शनिवारी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्या दारात उभे राहिले. "चूक झाली की ती दुरुस्त करायची," ते म्हणत. "तोंडाची वाफ कशाला?"

काका माझे घरमालक होते, आमच्या मराठी मंडळाच्या क्रिकेट टीमचे कॅप्टन होते आणि मंडळाच्या इतिहासातल्या सगळ्यात बदनाम सौद्याचे कर्ते होते. त्या सौद्यात त्यांनी टीमचा सगळ्यात भारी बोलर ब्रॅकनेलच्या टीमला देऊन टाकला आणि बदल्यात एक माणूस घेतला. तो माणूस म्हणजे मी.

आता रविवारच्या हौशी क्रिकेटमध्ये कसले आलेत सौदे, असं कोणालाही वाटेल. आम्हालाही वाटत होतं. दोन गावांतली मराठी मंडळी उन्हाळ्यात भाड्याच्या मैदानावर भेटणार, अर्धे लोक हाफ स्लीव्ह स्वेटरमध्ये कुडकुडणार, मध्यंतरात सँडविचच्या शेजारी बटाटेवडे आणि साबुदाण्याची खिचडी असणार, आणि कोण जिंकलं हे सोमवारी ऑफिसला जाईपर्यंत निम्मे विसरलेले असणार. पण तो एक सौदा सात वर्षं कोणी विसरलं नाही.

आमच्या पहिल्या मॅचला, म्हणजे मी ब्रॅकनेलकडून खेळत होतो त्या मॅचला, मला येऊन सहा आठवडे झाले होते. पॅड उधारीचे होते, चेस्ट गार्ड नावाची गोष्ट असते हे माहीत नव्हतं. समोर रीडिंगचा तो बोलर. जन्माने बर्मिंगहॅमचा, आईबाप ठाण्याचे, उंची सहा फूट दोन इंच. आमचे चार जण त्याने एकामागोमाग काढले होते आणि पाचवा मी. माझ्या डावीकडे, बॅट लांब केली तर पोटात लागेल इतक्या जवळ, एक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ वाकून उभे होते. या जागेला शॉर्ट लेग म्हणतात आणि तिथे शहाणा माणूस हेल्मेटशिवाय उभा राहत नाही. हे गृहस्थ म्हणजे काका, आणि त्यांच्या डोक्यावर काकूंनी विणलेली मरून कानटोपी होती.

"नवीन दिसताय," ते मला मराठीत म्हणाले.

"हो."

"पुढचा आखूड येईल."

तो आखूडच आला आणि माझ्या बरगडीत बसला. मी नऊ धावा काढल्या आणि त्या काढेपर्यंत मला तीन चेंडू लागले. बाकी त्या दिवसाचं फारसं काही आठवत नाही. मी बाद झालो आणि सीमारेषेबाहेर खुर्चीवर बरगडी चोळत बसलो.

चहाच्या वेळी आमचे ब्रॅकनेलचे कॅप्टन थट्टेत म्हणाले, "काका, हा बोलर आम्हाला द्या बुवा. राहतो आमच्याच गावात."

काकांनी वडा संपवला. बोटं रुमालाला पुसली. म्हणाले, "घ्या. बदल्यात तो द्या."

"कोण?"

"तो, खुर्चीवर बसलाय तो."

सगळे हसले. काका हसले नाहीत. बोलर पोरगा बिचारा खूषच झाला, कारण ब्रॅकनेलच्या लोकांची शनिवारच्या लीगमध्येही टीम होती आणि तिथे खरं क्रिकेट होतं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी चालेल म्हटलं असतं. त्या काळात मी सगळ्यालाच चालेल म्हणायचो.

पुढच्या रविवारी मी ट्रेनने रीडिंगला गेलो. काका स्टेशनवर न्यायला आले होते. गाडीत मी धीर करून विचारलं, "काका, तुम्ही मला का घेतलंत?"

"दिसलं म्हणून घेतलं."

"काय दिसलं?"

"सिग्नल हिरवा झालाय," ते म्हणाले. गाडी ते स्वतःच चालवत होते.

यापलीकडे सात वर्षं उत्तर मिळालं नाही. टीमने विचारलं, कमिटीने विचारलं, काकूंनी तर माझ्यादेखत तीन वेळा विचारलं. दिसलं म्हणून घेतलं. आणि मी काही दाखवलं असेल तर शपथ. मी सहाव्या नंबरला येऊन दहा-बारा धावा करणारा माणूस होतो. बोलिंग टाकत नव्हतो. कॅच पाचातले तीन धरायचो, तेही सोपे असले तर. तिकडे तो पोरगा दर वर्षी ब्रॅकनेलकडून आमच्याविरुद्ध खेळायला यायचा, आमची दांडी गुल करायचा, आणि मॅचनंतर येऊन काकांच्या पाया पडायचा.

"काका, तुम्ही माझा लय चांगली केली," असं तो आपल्या मराठीत म्हणायचा. मग माझ्याकडे वळून, "दादा, बॉल जास्त लागला नाही ना?"

"नाही रे, सॉरी कशाला," मी म्हणायचो. तो सॉरी म्हणालेलाच नसायचा.

परत येताना चार गाड्यांमध्ये एकच चर्चा असायची. तो असता तर आज काय झालं असतं, गेल्या वर्षी काय झालं असतं. हळदीकुंकवाला बायका बोलायच्या, दिवाळीच्या फराळाला पुरुष बोलायचे. मी खोलीत आलो की विषय बदलायचे आणि ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. खरं सांगायचं तर मलाही तो सौदा तोट्याचाच वाटत होता. आपल्यामुळे एका माणसाला दर वर्षी खाली मान घालावी लागते, असं मला वाटायचं. काका मात्र कधी मान खाली घालत नव्हते. हरल्यावर ते आणखी ताठ चालायचे. कोणी फार छेडलं तर म्हणत, "उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन. आणि कानटोपीही हीच घालीन."

सौद्याच्या दुसऱ्या वर्षी मी त्यांच्याकडे वरच्या लहान खोलीत राहायला गेलो. काका कौन्सिलच्या रस्ते खात्यात होते. फिरायला निघाले की त्यांचं लक्ष झाडाफुलांकडे नसायचं. खड्डा दिसला की खिशातला खडू काढून त्याभोवती गोल करायचे आणि पुढे चालायचे. कोणी पाहतंय का, हा प्रश्न त्यांना पडायचा नाही. मी चार पावलं मागे राहून आपण यांच्याबरोबर नाही असा चेहरा करायचो.

त्याच घरात घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. शनिवारची सकाळ होती. काकू थालीपीठ थापत होत्या आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून घामाघूम झालो होतो. ऑफिसात एका सिस्टमचा बॅकअप झाला नव्हता. काम दुसऱ्या टीमचं होतं, पण मॅनेजरने लेखी खुलासा माझ्याकडे मागितला होता. मी ई-मेल लिहिला होता.

"वाच," काका म्हणाले.

मी वाचला. ते बोटं मोजत होते. वाचून झाल्यावर त्यांनी एक पूर्ण पंजा आणि वर एक बोट दाखवलं. "सहा सॉरी आहेत. चूक तुझी होती?"

"नाही. पण..."

"पण काय?"

"काका, माझा व्हिसा कंपनीच्या हातात आहे."

"व्हिसा कामाचा आहे," काका म्हणाले. "माफी मागायचा वेगळा व्हिसा निघाला असेल तर मला माहीत नाही. खोड ते."

"अहो, त्याची नोकरी आहे," काकू तव्यावरून म्हणाल्या. "तुम्ही कौन्सिलमध्ये पर्मनंट आहात. तुमचं काय जातंय?"

"म्हणूनच सांगतोय. मी पर्मनंट नव्हतो तेव्हा मला कोणी सांगितलं नाही."

हे ते ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. मी सहाही शब्द खोडले. राहिला तो चार ओळींचा मजकूर, त्यात काय झालं आणि कोणाच्या कामात झालं एवढंच होतं. पाठवल्यावर दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. सोमवारी उत्तर आलं, "थँक्स, दॅट्स क्लिअर." मी ते काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "बरं. आता भाजी आणायला चल."

सातव्या वर्षी आम्ही ब्रॅकनेलकडून इतके वाईट हरलो की मॅच चहाच्या आधीच संपली आणि वडे कोणी हात न लावता गार झाले. तिथून कमिटीने ठरवलं की पुरे झालं. आमचे सेक्रेटरी पुण्याचे. त्यांना कोणतीही गोष्ट सरळ करायला आवडत नसे, रीतसर करायला आवडत असे. गणेशोत्सवात शाळेचा हॉल घेऊन आम्ही दर वर्षी वादविवाद स्पर्धा घ्यायचो. त्या वर्षी त्यांनी विषय लावला, 'बोलर दिला आणि फलंदाज घेतला, हा सौदा फायद्याचा होता.' अनुकूल बाजूने काका बोलणार. प्रतिकूल बाजूसाठी टीममधल्या सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि एक काढायची. शेवटी हॉलने हात वर करून निकाल द्यायचा.

कमिटीचा बेत काकांना कळत नव्हता असं नाही. ते मीटिंगमध्येच उभे राहिले. "हॉल माझ्या विरोधात गेला तर कॅप्टनशिप सोडतो. लिहून घ्या."

सेक्रेटरींनी लिहून घेतलं. मग स्टीलच्या वाडग्यातून चिठ्ठी काढली, उघडली आणि त्यांचा चेहरा जरा पडला. चिठ्ठीत माझं नाव होतं.

"दुसरी काढू या का?" ते म्हणाले. "म्हणजे, यांनाच यांच्याविरुद्ध बोलायला लावणं बरं दिसत नाही."

मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "निघाली ती निघाली."

तोवर मी त्यांचं घर सोडून जवळच स्वतःचा फ्लॅट घेतला होता. तरी त्या आठवड्यात तीनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक, मुळमुळीत बोलायचं, म्हणजे काकांची कॅप्टनशिप वाचेल. दुसरी, जे सात वर्षं मनात होतं ते बोलायचं. चौथ्यांदा गेलो तेव्हा काकूंनी दार उघडलं.

"ते खड्डे मोजायला गेलेत," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी निरोप आहे. म्हणाले, आला तर सांग, हळू टाकलेला चेंडू मला खेळता येत नाही."

कार्यक्रम दुपारी होता. शंभरेक माणसं, पुढे मुलं जमिनीवर, बाजूला गणपती, परीक्षक म्हणून बर्मिंगहॅमच्या एक डॉक्टर बाई आणि घंटी म्हणून स्टीलचा पेला आणि चमचा. बोलर पोरगाही ब्रॅकनेलहून आला होता आणि मागच्या भिंतीला टेकून उभा होता. काका आधी बोलले. चार मिनिटं होती, त्यांनी दहा सेकंद वापरले. "मी सौदा केला. मला त्याचा पश्चात्ताप नाही. कारण शेवटी सांगीन." आणि बसले. कोटावर तीच कानटोपी घालून बसले होते.

मग मी उठलो. मी म्हटलं की कॅप्टनला टीमसाठी सौदा करायचा असतो, स्वतःच्या मनासाठी नाही. म्हटलं की सात वर्षं काका एकच वाक्य बोलत आले आहेत आणि ते उत्तर नाही, उत्तर टाळणं आहे. ज्या टीमने त्यांच्यावर विश्वास ठेवला तिला कारण कळण्याचा हक्क होता. तो पोरगा आमच्यात असता तर आम्ही निदान चार वेळा जिंकलो असतो, आणि मी आहे म्हणून आम्ही एकदाही जिंकलेलो नाही. मग जे बोलायचं ठरवलं नव्हतं तेही बोललो. "आणि मला कोणी विचारलं नाही. वस्तू उचलावी तसं मला उचललं आणि का उचललं ते सांगितलं नाही. लोक मी आलो की गप्प बसतात. सात वर्षं मी या सौद्याची किंमत म्हणून वावरतो आहे. काका ताठ चालतात, कारण ओझं माझ्याकडे आहे."

पेला वाजला. टाळ्या अशा काही झाल्या की मुलंसुद्धा खेळायची थांबली. मी खाली बसल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. काकू पदराने डोळे पुसत होत्या आणि मी काय करून बसलो, असं झालं.

काकांनी पुढे काय केलं हे सांगण्याआधी एक सांगून टाकतो, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला लागायला नको. काका हरले. कॅप्टनशिप त्यांनी त्याच दुपारी सोडली आणि पुढच्या उन्हाळ्यात नव्या कॅप्टनच्या हाताखाली त्याच जागी, त्याच टोपीत, विनाहेल्मेट उभे राहिले. नव्या कॅप्टनने त्यांना मागे जायला सांगितलं तर म्हणाले, "कॅप्टनशिप सोडली. जागा सोडलेली नाही."

आता त्यांची शेवटची दोन मिनिटं. ते उठले आणि टोपी काढून हातात घेतली.

"त्या दिवशी मी याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो," ते म्हणाले. "मी आणि बोलर सोडलं तर कोणाला ऐकू गेलं नसेल. आपल्या पोराचा चेंडू याच्या बरगडीत बसला. आवाज आला. हा अर्धा खाली बसला. आणि बोलरकडे बघून म्हणाला, सॉरी."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मागच्या भिंतीशी तो पोरगा म्हणाला, "हो, म्हणाली होती. मला वाटला, विकेट सोडून चालली."

"तीन चेंडू लागले," काका म्हणाले. "तिन्ही वेळा सॉरी. चेंडू याला लागतोय आणि माफी हाच मागतोय. पण जागेवरून हलत नव्हता. चौथ्यासाठी पुन्हा उभा. मी या देशात पहिली दहा वर्षं अशीच काढली. पुसलेल्या फरशीवर मीच घसरलो तरी सॉरी, रांगेत माझा नंबर असेल तरी सॉरी. मला सोडवायला कोणी आलं नाही, मी आपला आपण सुटलो. हा मला दिसला. म्हणून घेतला. बोलर काय, त्याला आपल्या टीममध्ये कॅच सोडणारे दहा जण होते, तो गेला हे त्याच्या भल्याचं झालं. कारण आधी सांगितलं असतं तर हा त्याबद्दलही माफी मागत बसला असता."

ते माझ्याकडे वळले.

"आज हा चार मिनिटं बोलला. तुम्हा सगळ्यांसमोर मला उभा-आडवा सोलला. जे बोलला ते खरं आहे. याला विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. ती माझी चूक. पण मी बोटं मोजत होतो." त्यांनी मूठ वर केली. सगळी बोटं मिटलेली होती. "एकदासुद्धा नाही. सात वर्षं लागली. माझा सौदा वसूल झाला. आता काय हात वर करायचेत ते करा."

पेला वाजवायला सेक्रेटरी विसरले. मग त्यांनी रीतसर पुकारा केला. सौदा तोट्याचा होता असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. हॉलभर हात वर झाले. बाकीची टीम तर सगळीच. माणसं क्रिकेट बघायला आली होती, त्यांना विकेट हव्या होत्या, त्यांचंही चूक नव्हतं. मग म्हणाले, फायद्याचा होता असं वाटणाऱ्यांनी. काकूंचा हात वर झाला, बोलर पोराचा झाला, डॉक्टर बाई परीक्षक असूनही त्यांचा अर्धा वर जाऊन खाली आला. आणि मी हात वर केला.

सेक्रेटरी चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "अहो, तुम्ही प्रतिकूल बाजूचे वक्ते आहात. तुम्हाला इकडे मत देता येत नाही. नियमात बसत नाही."

"नाही बसत," मी म्हटलं, आणि हात तसाच वर ठेवला.